बायकोच्या पायाला हात

लग्नाला तीसेक वर्षं झाली, पण मागच्या हिवाळ्यापर्यंत मी बायकोच्या पायाला कधी हात लावला नव्हता. लावायला गेलो नाही असं नाही. एकदा शेतात तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. मी चिमटा घेऊन खाली बसलो, तर तिनं पाय असा ओढून घेतला की मी मागच्या मागे आपटलो. ‘‘काही समजते की नाही तुम्हाले? नवरा माणूस बायकोच्या पायाले हात लावते काय?’’ असं म्हणून बाईसाहेब लंगडत शेजारणीकडे गेल्या आणि तिच्याकडून काटा काढून आल्या. झोपेत चुकून तिचं पाऊल मला लागलं तर ती डोळे न उघडताच माझ्या दिशेनं हात जोडते आणि कूस बदलते. मी म्हणतो, अगं बाई, झोपेत तरी मला देव करू नकोस. पण ऐकेल ती बायको कसली.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. सारी नोकरी कालव्यांच्या काठानं गेली. उन्हात उभं राहून पाणी चोरणाऱ्यांवर ओरडायचं, हेच काम. त्यामुळे डोकं गरम आणि आवाज त्याहून गरम. मनीषनगरात आमचा फ्लॅट आहे. लिफ्ट बंद पडली की सोसायटीतले लोक आधी मला फोन करतात, कारण लिफ्टवाल्याला झापायचं काम मी बिनपगारी आवडीनं करतो. बायको म्हणते, ‘‘तुमच्या डोक्यावर भाकर ठेवली त भाजून निघन.’’ मुलगी बंगलोरला असते, तिचं बाळ तेव्हा अगदी तान्हं होतं. म्हणजे घरात आम्ही दोघंच.

जानेवारीत एका लग्नाहून आल्यावर तिला सर्दी झाली. मग ताप आला. ती म्हणाली, थंडीचं आहे, काढा घेते. काढा झाला, वाफ झाली, हळद-दूध झालं. ताप उतरेना आणि खोकला थांबेना. तरी पोळ्या लाटणं चालूच. एक दिवस सकाळी स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत कपडे वाळत घालायला गेली आणि तिथंच कठड्याला धरून उभी राहिली. तोंडातून शब्द निघेना. ओठ निळसर दिसले तसं माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजाऱ्याच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तपासणीत निघालं की फ्लूचा विषाणू आहे आणि तो दोन्ही फुप्फुसांत उतरला आहे. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला आणि आमचा मुक्काम छातीच्या वॉर्डात पडला.

पहिले काही दिवस कसे गेले ते सांगू नये. तिच्या डोक्यावरच्या पडद्यावर ऑक्सिजनचा हिरवा आकडा दिसायचा. तो वर गेला की मला भूक लागायची आणि खाली आला की हातातला घास डब्यात परत ठेवायचो. मी सिक्युरिटीवाल्याशी भांडलो, कॅन्टीनवाल्याशी भांडलो, खुर्ची कुरकुरते म्हणून खुर्चीशीसुद्धा भांडलो असेन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘काका, तुम्ही ओरडलात की त्यांचा आकडा खाली जातो. मी पाहिलंय.’’ त्या दिवसापासून मी जिन्यात जाऊन ओरडायला लागलो.

हळूहळू आकडा सुधारायला लागला. ताप गेला. मास्क काढून ती दोन घास वरणभात खायला लागली. मला वाटलं, जिंकलं. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती कमरेखालचं पांघरूण सोडेना. चादर नीट करायला गेलो की म्हणायची, ‘‘राहू द्या, मले थंडी वाजते.’’ सिस्टरनं उठून बसा म्हटलं तर डोकं दुखतं, चार पावलं चाला म्हटलं तर चक्कर येते. मी म्हटलं, असेल अशक्तपणा. छातीचा आजार आहे, छातीकडे लक्ष ठेवा, एवढंच आमच्या डोक्यात. सगळे तिच्या छातीकडे बघत होते आणि दुखत होतं भलतीकडेच.

हे मला कळलं तिच्या बहिणीकडून. माझी साळी खाप्याला असते. बहिणीला भेटायला म्हणून ती एका दुपारी आली. तोंडाला मास्क लावलेला आणि हातात पिशवी. पिशवीतून तिनं जवसाच्या तेलाची बाटली काढली, आत लसणाच्या पाकळ्या तळलेल्या.

‘‘हे कायले वं?’’ मी विचारलं.

‘‘ताईच्या पायाची नस चढली न भाऊजी. काल फोनवर सांगतलं तिनं मले. डावी पोटरी लय ठणकते म्हणे. तुम्हाले माहीत नाई?’’

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

आता आमच्याकडचं तुम्हाला सांगायला हवं. आमच्या लोकांत कमरेखाली काहीही दुखलं की नस चढलेली असते. पाय मुरगळला, नस चढली. झोपेत गोळा आला, नस चढली. शीर, स्नायू, सांधा, सगळ्यांना एकच नाव आणि एकच औषध: तेल गरम करा आणि रगडून नस उतरवा. माझ्या साळीचा तर त्यात हातखंडा. तिच्या गल्लीतल्या बायका तिच्याकडे नस उतरवायला येतात. मला राग आला की मला का सांगितलं नाही, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. इतके दिवस सगळं डॉक्टरांच्या हातात होतं, आपण नुसते बसलेलो. फुप्फुस डॉक्टरांचं, पण पाय तर आपला आहे. इथं आपल्याला काही करता येईल.

‘‘तुम्ही बाहेर व्हा,’’ बायको मास्कच्या आतून म्हणाली. मी असताना ती पाय उघडा करणार नव्हती. साळीनं बाटली माझ्या हातात दिली. ‘‘तेवढं कोमट करून आणा, भाऊजी. तोवर मी हातानंच मोकळं करतो.’’

बाहेर सिस्टरच्या टेबलाजवळ गरम पाण्याची केटली होती. मी एका वाटीत पाणी ओतून त्यात बाटली उभी केली. सिस्टर गोळ्या मोजत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘काका, तेल कशाला?’’

‘‘बायकोची नस चढली. मालिश करायची आहे.’’

तिच्या हातातली गोळ्यांची डबी तशीच राहिली. ‘‘एकाच पायाची की दोन्ही?’’

‘‘एकाच. डाव्या.’’

‘‘सूज आहे?’’

‘‘मला काय माहीत? मला पाहू देते कुठं ती.’’

ती पोरगी खुर्ची मागे ढकलून धावली. मी वाटी घेऊन तिच्या मागे. दारातून पाहिलं तर साळी पलंगाच्या पायथ्याशी बसलेली, बायकोची पोटरी दोन्ही पंजांत धरलेली, आता दाबणार एवढ्यात सिस्टरनं तिचं मनगट पकडलं आणि हळू पण करड्या आवाजात म्हणाली, ‘‘सोडा. पायाला हात लावू नका.’’

तेव्हा मी तो पाय पाहिला. बायको पांघरूण ओढायला पाहत होती, पण तिच्यात तेवढा जोर नव्हता. उजव्या पायाच्या दीडपट झालेला, लालसर, ताणून चकाकणारा. सूज बोटांपर्यंत उतरली होती आणि जोडवं मांसात रुतलं होतं. किती दिवसांपासून ती हे पांघरुणाखाली घेऊन झोपली होती कोण जाणे.

पुढचं फार भराभर झालं. डॉक्टरीणबाई आल्या, पायाची सोनोग्राफी झाली, डॉपलर म्हणतात ती. पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली होती. मी मान डोलावत उभा होतो आणि मला काही समजत नव्हतं. मी म्हटलं, ‘‘मॅडम, आजार छातीत, अन् हे पायात कसं? आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी?’’

त्या थकलेल्या होत्या तरी हसल्या. म्हणाल्या, ‘‘काका, हा विषाणू छातीत गेला तरी त्याचा त्रास छातीपुरता राहत नाही. अंगभर जी सूज येते ती रक्तवाहिन्यांनाही येते. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं. ते गुळगुळीत असलं की रक्त सुरळीत वाहतं. आजारात ते बिघडतं, रक्त चिकट होतं, आणि माणूस दिवसचे दिवस झोपून. मग गोठायला वेळ लागत नाही. यांना आपण गुठळी होऊ नये म्हणून थोडं औषध देत होतो, पण काहींना तरीही होते. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं.’’

अस्तर म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. कालव्याचं अस्तर फुटलं की तिथं गाळ धरतो, गवत धरतं, आणि पाणी रेंगाळतं. हे मी जन्मभर पाहिलेलं. मी विचारलं, ‘‘आणि तिनं ते दाबलं असतं तर?’’

‘‘तर तुकडा सुटून वर गेला असता. पायातून सुटलेला तुकडा फुप्फुसात जाऊन बसतो. यांची फुप्फुसं आधीच अर्धी काम करताहेत.’’

एवढंच बोलून त्या गेल्या. साळी भिंतीशी उभी राहून आपले दोन्ही हात पाहत होती. मी तिला म्हटलं, ‘‘तुझी काही चूक नाही वं. मीच तेल गरम करून राहिलो होतो.’’ खरं म्हणजे मी घाबरलो होतो. आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. पुराच्या पाण्यात कालव्याचा दरवाजा अडकला तेव्हाही नाही.

तेव्हाच बायकोच्या उशाशी बसलो आणि विचारलं, ‘‘सांगतलं काहून नाही मले?’’

‘‘सांगतलं असतं त तुम्ही पायाले हात लावला असता.’’

मी उठून जिन्यात गेलो. पण त्या दिवशी ओरडायलाही आवाज निघाला नाही.

रक्त पातळ करायची इंजेक्शनं पोटात सुरू झाली. रोज सकाळी सिस्टर टेपनं पोटरी मोजायची आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत राहायचो. आधी काही फरक नव्हता. मग टेप जरा सैल यायला लागला. इकडे ऑक्सिजनही कमी होत गेला. एक दिवस जोडवं बोटात फिरायला लागलं आणि साळीनं आनंदानं मला ओरडून बोलावलं. ‘‘या, भाऊजी, पाहा,’’ आणि बायकोनं लगेच पांघरूण ओढून घेतलं. तेवढी ताकद आली होती. मला राग यायच्या ऐवजी रडू आलं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी गोळ्या समजावल्या आणि एक लांब, घट्ट मोजा हातात दिला. पायाला खालून वर दाब देणारा, गुडघ्यापर्यंतचा. ‘‘हा रोज सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचा. सुरकुती पडू द्यायची नाही, पडली तर तिथंच पाय आवळला जातो. यांना स्वतःला जमणार नाही, वाकलं की धाप लागेल. घरी कोण असतं?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं.

‘‘मग प्रश्नच नाही. काका घालून देतील.’’

बायकोचा चेहरा असा झाला, जणू डॉक्टरीणबाईंनी तिला भर रस्त्यात पदर सोडून चालायला सांगितलं. ‘‘बहीण घालन,’’ ती म्हणाली.

बहिणीनं घातला, जेवढे दिवस ती राहिली तेवढे दिवस. पण तिच्या घरी हरभरा सोंगायला आलेला. तो काढून कळमन्याच्या बाजारात न्यायचा होता आणि नवऱ्याचे फोनवर फोन येत होते. शेवटी ती गेली. जाताना मला मोजा कसा घालायचा ते आपल्या हातावर करून दाखवलं: आधी टाचेपर्यंत उलटा करायचा, मग पाऊल आत, मग टाच जागेवर बसवून वर घ्यायचा. ‘‘अन् थोडी पावडर लावजा, सरकन चढते. पण तिनं लावू देली त,’’ असं म्हणून ती हसली आणि मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला आणि खोलीकडे आलो तर दार आतून लोटलेलं. आतून खोकल्याचा आवाज. थोडा थांबलो. खोकला वाढला. दार ढकललं. ती पलंगावर बसलेली, कपाळावर घाम, श्वास नुसता वरच्या वर, आणि मोजा अर्ध्या पोटरीवर गोळा होऊन दोरीसारखा आवळलेला. खालचं पाऊल काळंनिळं पडायला लागलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. डॉक्टरांनी जीव वाचवून घरी पाठवलं आणि तू तो घालवायला बसलीस, असं बरंच काही. शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद झाला म्हणजे आवाज किती असेल पाहा. ती ऐकत राहिली. श्वास जागेवर आला तेव्हा म्हणाली, ‘‘बसा जरा. सांगतो तुम्हाले.’’

मग तिनं जे सांगितलं ते तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

ती चौथीत होती. तिची आई कन्हान नदीवर धुणं धुवायला गेली आणि घसरून पडली. घोटा टम्म सुजला. तेव्हा तिचे वडील आईच्या पायाशी बसले आणि रोज संध्याकाळी विटेनं शेकून, चेपून द्यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. लोक हसायचे, ते ऐकायचे नाहीत. आई बरी झाली. त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर वडील शेतात गेले, छातीत कळ आली म्हणून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले आणि तिथंच गेले. चाळिशीतला माणूस. तेराव्याला घरातल्या म्हाताऱ्या चुलतीनं सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘बायकोचे पाय धरले, आयुष्य सरलं.’’

‘‘आईनं ते खरं मानलं,’’ बायको म्हणाली. ‘‘जन्मभर मानलं. माह्या लग्नात मले पाठवताना कानात तेवढंच सांगतलं तिनं. सोनं सांभाळजो नाही, सासूशी नीट वागजो नाही. म्हणे, जावयाले पायाले हात नको लावू देऊ.’’

मी मोज्याकडे हात नेला, तिनं पाय आत ओढला. मोजा अजून तसाच होता.

‘‘मले तुम्ही पाहिजे,’’ ती म्हणाली. ‘‘पायाचं काय, एक गेला त दुसरा आहे.’’

तिला हे खुळ आहे म्हणावं, तर त्या खुळापायी ती मरायला निघाली होती, माझ्यासाठी. एवढं कोणी माझ्यासाठी केलं नव्हतं आणि एवढा मूर्खपणाही कोणी केला नव्हता. शेवटी मी म्हटलं, ‘‘अन् तू गेल्यावर त्या आयुष्याचं मी काय लोणचं घालू?’’

ती हसली. हसली तसा खोकला आला, खोकला थांबला तरी हसत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘‘माही एक अट आहे.’’

‘‘सांग.’’

‘‘पुढच्या बारीले दवाखान्यात गेलो की तुमचं पण सगळं तपासून घ्यायचं. छाती, रक्त, जे काय असन ते. मले दिसलं पाहिजे की तुम्ही धड आहात.’’

मी कधी डॉक्टरकडे गेलो नव्हतो. मला काही होत नाही, हे माझं एकच उत्तर. पण त्या वेळी तिनं हिमालय चढायला सांगितलं असतं तर हो म्हटलं असतं. हो म्हटलं. तिनं डोळे गच्च मिटले आणि पाय पुढे केला.

पाऊल थंड होतं. आधी तो आवळलेला मोजा उतरवला, पोटरीवर खोल वळ उमटला होता. पावडर लावली. भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, कारण बोटांची पकड बसेना. टाच दोनदा उलटी बसली. तळव्यावर, टाचेच्या जरा पुढे, एक जुना भाजल्याचा डाग दिसला. ‘‘हे काय?’’ मी विचारलं. ‘‘फुलझडीवर पाय पडला होता, लहानपणी,’’ ती डोळे मिटूनच म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात मला तो डाग माहीत नव्हता. मोजा चढल्यावर तिनं मला नमस्कार केला. मी म्हटलं, ‘‘यशस्वी भव,’’ तर म्हणे, थट्टा नका करू.

मग ते रोजचंच झालं. सकाळी घालायचा, संध्याकाळी काढायचा, सुरकुती नाही ना ते बोट फिरवून पाहायचं. पहिले काही दिवस ती डोळे मिटायची. मग डोळे उघडे ठेवून सूचना द्यायला लागली. ‘‘सरळ ओढा, तो काय तुमच्या कालव्याचा दरवाजा आहे?’’ डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून आम्ही आधी हॉलमध्ये फेऱ्या मारल्या, मग खालच्या गेटपर्यंत, मग भाजीच्या ठेल्यापर्यंत. ठेल्यापर्यंत गेली त्या दिवशी तिनं मेथीच्या भावावरून भाजीवाल्याशी वाद घातला. तेव्हा मला खात्री पटली की ही आता बरी होते. मी शिंकलो तरी मात्र ती दचकायची. कपाळाला हात लावून पाहायची. मी म्हणायचो, ‘‘जिवंत आहो अजून.’’ ती म्हणायची, ‘‘तोंड सांभाळा.’’

तपासणीचा दिवस आला तेव्हा ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. फुप्फुसं बरीच मोकळी झाली होती. पुन्हा डॉपलर झालं. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘पाहा काका, रक्त इथून जातंय आता. रस्ता उघडलाय.’’ गोळ्या अजून काही महिने घ्यायच्या, पण पाय वाचला होता आणि बाईही वाचली होती. मी हात जोडले. मला उठून नाचावंसं वाटत होतं.

‘‘आता यांचं पाहा, मॅडम,’’ बायको म्हणाली.

मी शर्टाची बाही वर केली. पट्टा आवळला, सुटला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आवळला. मग दुसऱ्या हाताला लावला. मग मला पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं. ‘‘काका, बीपी शेवटचं कधी पाहिलं होतं?’’

‘‘कधीच नाही.’’

त्यांनी आकडा सांगितला. मला त्यातलं कळत नाही, पण त्यांचा चेहरा कळला. रक्त, लघवी, छातीची ईसीजीची पट्टी, सगळं त्याच दिवशी करून घेतलं.

बायको पांढरीफटक पडली. ‘‘पाहा,’’ ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘म्हणलं होतं न मी. लागला माहा पाय.’’

डॉक्टरीणबाईंना काही समजेना. मग बायकोनं त्यांना तुटक तुटक सांगितलं, पायाचं, आईचं. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. ‘‘मावशी, हे दोन महिन्यांतलं नाही. हे वर्षानुवर्षं असणार. तुमच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर विषाणूनं बिघडवलं, यांचं दाबानं हळूहळू झिजत होतं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. तुम्ही आज यांना खुर्चीत बसवलं नसतं तर एखाद्या दिवशी हे कोणाशी तरी भांडता भांडता कोसळले असते. आता गोळी आहे, मीठ कमी आहे, चालणं आहे. आवरता येईल.’’

बायकोनं माझी वर केलेली बाही खाली ओढली. मग म्हणाली, ‘‘मॅडम, एखादा माणूस चांगला धडधाकट आहे. रागीट आहे थोडा. शेतात गेला, छातीत कळ आली, धुऱ्यावर बसला अन् गेला. त्याचं पण असंच असू शकते?’’

‘‘त्यांना न पाहता नक्की सांगता येत नाही. पण असू शकतं. बरेचदा असंच असतं.’’

‘‘म्हणजे आधीपासूनच?’’

‘‘हो. आधीपासूनच.’’

ऑटोत ती माझ्या गोळ्यांची चिठ्ठी परत परत वाचत होती. मनीषनगरच्या पुलाखाली नेहमीसारखा जाम होता, समोरचा गाडीवाला विनाकारण हॉर्न वाजवत होता आणि मी त्याला काही म्हणालो नाही. तिनं तेही पाहिलं नाही. घरी आल्यावर माझी पहिली गोळी तिनं आपल्या हातानं माझ्या तळहातावर ठेवली आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

संध्याकाळी ती पलंगावर बसली. मी खाली बसून मोजा काढायला लागलो. तिनं बहिणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला, म्हणून दोन्हीकडचं मला ऐकू येत होतं. आधी पायाचं सांगितलं, रस्ता उघडला म्हणून. तिकडून साळी ‘बरं झालं वं बाप्पा’ म्हणाली. मग माझ्या बीपीचं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. मग ती थांबली.

‘‘काय झालं वं ताई?’’ फोनमधून आवाज आला.

‘‘बाबाचं आधीपासूनच असन,’’ बायको म्हणाली. ‘‘आईच्या पायानं काही झालं नव्हतं. कोणी पाहिलंच नाही बाबाले. आई उगाचच जन्मभर स्वतःले खात राहिली वं. अन् तसंच घेऊन गेली.’’

आणि माझी बायको रडायला लागली. मास्क लागला तेव्हा ती रडली नव्हती, पोटात सुया टोचल्या तेव्हा रडली नव्हती. आता मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडत होती, आणि पलीकडे खाप्याला तिची बहीण रडत होती. मोजा घोट्याशी अर्धा उतरलेला होता. तिचा पाय माझ्या दोन्ही हातांत होता आणि तिनं तो ओढून घेतला नाही.